आकडा ऐकण्याआधी आकडा लिहा : मोठा निर्णय घेण्याची क्रमवार पद्धत

बाग कराराने द्यावी का, होडीचे जुने इंजिन पुन्हा उघडावे की नवे घ्यावे, वडिलोपार्जित घराचे छप्पर यंदाच उतरवावे का, विहीर नेमकी कुठे खणावी, असे प्रश्न कोकणातल्या घरांत दरवर्षी उभे राहतात. बहुतेक वेळा त्यांचे उत्तर विचाराला बसण्याआधीच मनात ठरून गेलेले असते. मन काही ठराविक बाजूंना आपोआप झुकते आणि हे झुकणे आपल्याला स्वतःला जाणवत नाही. मानसशास्त्रात त्याला बोधनिक कल किंवा पूर्वग्रह म्हणतात. हुशारी, शिक्षण किंवा वय यांमुळे त्यापासून पूर्ण सुटका होत नाही.

या विषयावर आवडीने वाचणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडून एक चूक पुन्हा पुन्हा होते. ते कलांची नावे लक्षात ठेवतात आणि मग ते कल भावात, शेजाऱ्यात, सरपंचात शोधत राहतात. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याच गोष्टीवर बोट ठेवले होते: माणसाला इतरांचा कल दिसतो, पण स्वतःचा फार कमी दिसतो. त्यामुळे नुसत्या नावांचा निर्णयाच्या वेळी फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो क्रमाचा. कोणते काम आधी करायचे, काय कागदावर उतरल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही आणि कोणाचे मत केव्हा ऐकायचे, हे एकदा ठरवून पाळले, तर कल मनात असूनही त्याचा जोर बराच कमी होतो.

पुढे मुख्य उदाहरण हापूसच्या बागेचे घेतले आहे. बाग कराराने देणे म्हणजे हंगामाचे फळ ठरलेल्या रकमेला व्यापाऱ्याला देणे; त्या व्यापाऱ्याला पुढे करारवाला म्हटले आहे. त्यातले रकमांचे आकडे समजुतीसाठी आहेत. ज्याने त्याने स्वतःचे घालावेत.

## तयारी

एक बांधीव वही घ्यावी. सुटे कागद किंवा मोबाईलमधली टिपणे या कामाला चालत नाहीत, कारण सुटा कागद हरवतो आणि मोबाईलमधला मजकूर नकळत बदलता येतो. आपण काय लिहिले होते ते पुढे जसेच्या तसे सापडणे, यावरच ही सारी पद्धत उभी आहे. लिहिताना पेन वापरावे. चुकले तर एक रेघ मारून पुढे लिहावे, मात्र खोडलेलेही वाचता आले पाहिजे.

कोणता निर्णय वहीत घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. माझा नियम असा आहे की, जो निर्णय फिरवायला एक वर्षाहून अधिक काळ लागेल किंवा ज्यात घराच्या एका महिन्याच्या खर्चाहून अधिक रक्कम गुंतेल, तो वहीत यावा. बाजारातून बांगडा घ्यावा की सौंदाळा, यासाठी वही उघडण्याची गरज नाही. तिथे मनाचा पहिला कौल पुरेसा चांगला असतो आणि चुकला तरी नुकसान एका जेवणाचे होते.

दोन बैठका ठरवाव्यात आणि त्यांच्यामध्ये निदान दोन रात्री जाऊ द्याव्यात. पहिल्या बैठकीत पहिले तीन टप्पे होतात, उरलेले दुसऱ्या बैठकीत. भांडणानंतर, लग्नघरात किंवा दिवसभर बागेत राबून आल्यावर रात्री दहाला वही उघडू नये.

सावध: जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे ही पद्धत वापरायची नाही. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल किंवा नदीकाठी पाणी चढू लागले असेल, तर सूचना पाळायची. विचार करत बसायचे नाही. गेल्या पुराची भिंतीवरची खूण ही पाणी आजवर कुठपर्यंत आले याची नोंद आहे, ते कुठपर्यंत येऊ शकते याची हमी नाही. चिपळूणने जुलै २००५ चा पूर पाहिला होता, तरी २२ जुलै २०२१ चा पूर आलाच.

## टप्पा १ : प्रश्न नीट लिहा

‘बाग कराराने द्यावी की नाही?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हो-नाही असा प्रश्न समोर आला की मन दोनच वाटा पाहते आणि त्यांपैकी ओळखीची वाट धरते. म्हणून पानाच्या डोक्यावर प्रश्न लिहून त्याखाली निदान तीन खरे पर्याय लिहावेत. उदाहरणार्थ: सगळी बाग कराराने देणे; जुनी कलमे कराराने देऊन घराजवळची स्वतःकडे ठेवणे; फवारणी आणि तोड स्वतः करून माल वाशीला पाठवणे; किंवा स्वतःच आढी घालून पिकवलेला आंबा ओळखीच्या गिऱ्हाइकांना थेट देणे. पर्याय खरा आहे की नाही, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. उद्या बाकीचे सगळे मार्ग बंद झाले तर हा आपण प्रत्यक्षात अमलात आणू का? उत्तर नाही असेल, तर तो नुसता भरतीचा पर्याय आहे.

त्यानंतर प्रत्येक पर्याय दोन प्रकारे लिहावा, एकदा मिळकतीच्या भाषेत आणि एकदा नुकसानीच्या भाषेत. हे काम बहुतेकजण टाळतात, कारण दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे असे त्यांना वाटते. अर्थ एकच असतो, पण मनावरचा परिणाम निराळा होतो. अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० माणसांच्या जिवावर उठलेल्या एका काल्पनिक साथीवर दोन उपाय सुचवले होते, एक खात्रीचा आणि एक जुगारासारखा. खात्रीच्या उपायाने ‘२०० माणसे वाचतील’ असे सांगितले तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. त्याच उपायाने ‘४०० माणसे मरतील’ असे सांगितले तेव्हा तो निवडणारे २२ टक्केच निघाले. हिशेब तोच होता, फक्त शब्द फिरले होते.

करारवाला ‘घरबसल्या खात्रीचे पैसे’ असे म्हणतो. त्याच बोलण्याची दुसरी बाजू ‘चांगल्या वर्षाचा सगळा फायदा सोडून देणे’ अशी लिहिता येते. दोन्ही वाक्ये एकमेकांखाली उतरवावीत.

तपासा: पानावर तीन पर्याय आहेत का? प्रत्येकाची दोन वाक्ये आहेत का? तारीख घातली आहे का?

## टप्पा २ : दुसऱ्याचा आकडा ऐकण्याआधी स्वतःचा आकडा लिहा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि लोकांचा क्रम सर्वांत जास्त इथेच चुकतो. आपण आधी करारवाल्याला विचारतो, ‘काय देतोस?’ तो रक्कम सांगतो. मग आपण त्या रकमेच्या आसपास घासाघीस करतो आणि दहा हजार वाढवून मिळाले की जिंकल्यासारखे वाटते. नांगर टाकलेली होडी वाऱ्याने आणि ओहोटीने फिरते खरी, पण दोराच्या लांबीपलीकडे जात नाही. पहिला ऐकलेला आकडा मनाला असाच बांधून ठेवतो.

कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७४ च्या लेखात याचा जो पुरावा दिला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई आणि ते १० वर किंवा ६५ वर थांबे. नंतर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल, असा प्रश्न विचारला जाई. चक्रावर १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्य (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) २५ होता, ६५ पाहिलेल्यांचा ४५. प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला आकडा एवढे ओढून नेतो. मग करारवाल्याचा आकडा तर थेट आपल्याच बागेविषयी असतो.

स्वतःचा आकडा काढण्याची रीत अशी.

पहिल्यांदा मागच्या पाच वर्षांच्या पेट्या लिहाव्यात. फक्त गेल्या वर्षाच्या घेऊ नयेत, कारण हापूस वर्षाआड कमी-जास्त धरतो आणि गेल्या वर्षीचा हंगाम डोळ्यांसमोर इतका ताजा असतो की तोच नेहमीचा वाटू लागतो. समजा, पाच वर्षांच्या पेट्या २१०, ९०, १६०, १२० आणि १७० आहेत. बेरीज ७५०, सरासरी १५०.

मग खर्चाचे दोन भाग करावेत. फवारणी, खत, साफसफाई आणि राखण यांचा खर्च फळ धरो वा न धरो, होतोच; तो १,१०,००० रुपये धरू. तोड, खोका, वाहतूक आणि अडत हा खर्च पेटीमागे होतो. तो ५०० रुपये धरू. पेटीचा सरासरी भाव १,८०० धरला तर पेटीमागे १,३०० रुपये हाती राहतात. १५० पेट्यांचे १,९५,००० होतात, त्यातून १,१०,००० वजा केले की सरासरी वर्षी ८५,००० उरतात. नव्वद पेट्यांच्या वर्षी हाच हिशेब ७,००० वर येतो आणि २१० पेट्यांच्या वर्षी १,६३,००० वर जातो. कमी पिकाच्या वर्षी भाव चढा असू शकतो, म्हणून खालचा आकडा थोडा सुधारून घ्यावा. पण सुधारणा किती आणि का केली, तेही लिहावे.

आता जोखीम दुसऱ्याने घेण्याची किंमत आपल्या लेखी किती आहे, ते ठरवावे. सरासरी ८५,००० असताना घरबसल्या ७०,००० मिळाले तर चालतील, असे आपल्याला वाटत असेल, तर ७०,००० हा आपला खालचा आकडा. त्याला चौकट करावी आणि त्याशेजारी तारखेबरोबर वेळही लिहावी. एवढे झाल्यावरच करारवाल्याला फोन करावा. त्याने ४५,००० ने सुरुवात केली, तर आपल्यासमोर चौकटीतला आकडा असतो आणि बोलणी तिथून सुरू होतात. चौकट नसती तर ५५,००० वर हस्तांदोलन झाले असते आणि हंगामभर आपण समाधानातही राहिलो असतो.

रकमेखेरीज दुसरे निकषही याच बैठकीत लिहायचे असतात: झाडांची काळजी, पैसे केव्हा आणि किती हप्त्यांत मिळणार, घरच्यांसाठी आंबा किती राहणार. कलमांवर कल्टारची (मोहोर यावा म्हणून देतात त्या वाढरोधक रसायनाची) मात्रा कोण आणि किती घालणार, हा निकष मी तरी कधी सोडणार नाही, कारण करार एका हंगामाचा असतो आणि झाड आपल्याकडे पुढची कितीतरी वर्षे असते. प्रत्येक निकषापुढे त्याचे महत्त्व पाचपैकी किती, ते लिहावे. एखादा पर्याय आवडून गेल्यावर निकष लिहायला बसलो, तर तो पर्याय ज्यात चांगला आहे तेच निकष आपल्याला सुचतात.

सावध: आकडा आधीच कानावर पडला असेल तर ‘मी तो मनातून काढून टाकला’ असे समजू नये, तो निघत नाही. अशा वेळी तो आकडा चुकीचा असण्याची तीन कारणे लिहावीत, एक दिवस जाऊ द्यावा आणि मग पेट्यांपासून हिशेब नव्याने मांडावा.

## टप्पा ३ : आपले प्रकरण पाहण्याआधी इतरांची पाहा

प्रत्येकाला आपले काम वेगळे वाटते. आपला सुतार वेळेवर येणारा, आपले सामान आधीच आणलेले, आपला पैसा तयार. म्हणून आपण कामाच्या पायऱ्या मनात मोजतो, त्यांची बेरीज करतो आणि तीच मुदत धरून चालतो. वाटेत जे आडवे येते ते या बेरजेत नसते. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारले. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले.

हे मी स्वतःच्या घरावर अनुभवले आहे. मागच्या पडवीची शाकारणी करताना मी पंधरा दिवसांचा हिशेब मांडला होता: कौले उतरवणे तीन दिवस, रिपा बदलणे पाच दिवस आणि असेच पुढे. कौले उतरल्यावर दोन वासे आतून पोखरलेले निघाले. हवे तसे लाकूड मिळायला आठवडा गेला, तेवढ्यात सुताराच्या घरचे लग्न आले आणि मृगाचा पहिला पाऊस उघड्या पडवीवर पडला. ताडपत्री होती, पण ती कोपऱ्यातल्या कणगीपर्यंत पोचत नव्हती, आणि वरचे हातभर भात भिजून गेले. नंतर वाडीतल्या तिघांना विचारले, तेव्हा त्यांच्या तशाच कामांना पाच आठवडे, सहा आठवडे आणि जवळपास दोन महिने लागल्याचे कळले. तिघेही माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. मी आधी विचारले नव्हते, एवढेच.

म्हणून या टप्प्यात आपल्यासारखी निदान तीन, जमल्यास पाच प्रकरणे शोधावीत आणि त्यांचा प्रत्यक्ष वेळ व प्रत्यक्ष खर्च लिहावा. त्यांचा मध्य हा आपला पहिला अंदाज. आपल्याकडे खरेच काही निराळे असेल तर त्यात थोडा फरक करावा, पण फरकाचे कारण त्याच ओळीत आले पाहिजे. गणपतीपूर्वी घर तयार हवे असेल तर दिवस चतुर्थीपासून मागे मोजत यावे.

संकटांच्या बाबतीतही हीच रीत लागू होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर घराघरांत वादळाचीच चर्चा होती. पडलेली माडाची झाडे आणि उडालेले पत्रे डोळ्यांसमोर होते. चटकन आठवणारी गोष्ट वारंवार घडणारी वाटते आणि आठवण पुसट झाली की तीच गोष्ट अशक्य वाटू लागते. पत्र्यांना जादा बांधणी करावी का, झाडांचा विमा काढावा का, हे ठरवताना मागच्या वीस वर्षांची एक ओळ आखावी आणि ज्या वर्षी मोठे नुकसान झाले तिथे फुली मारावी. फुल्या मोजून मिळणारे उत्तर वादळानंतरच्या महिन्यातही तेच राहते आणि सहा शांत वर्षांनंतरही तेच राहते.

तपासा: लिहिलेली प्रकरणे आपण निवडून काढली आहेत का? फक्त यशस्वी झालेल्यांनाच विचारले असेल, तर ज्यांनी ते काम अर्धवट सोडले अशा एकाला तरी गाठावे.

पहिली बैठक इथे संपते. वही मिटावी.

## टप्पा ४ : आपण चुकत असू तर ते कशावरून कळेल?

दोन रात्रींनंतर वही उघडली की एखादा पर्याय मनाने उचललेला असतो. त्यात वावगे काही नाही. अडचण पुढे येते. त्या पर्यायाच्या बाजूचे जे दिसते ते आपण गोळा करतो आणि विरुद्ध जे दिसते त्याला अपवाद म्हणून बाजूला सारतो.

१९६० साली पीटर वेसन यांनी लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यांमागचा नियम ओळखायला सांगितले. लोक ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे आकडे सुचवत आणि प्रत्येक वेळी ‘बरोबर’ असे उत्तर मिळे. त्यावरून ‘दोनाने वाढणारे आकडे’ हाच नियम, अशी त्यांची खात्री होई. खरा नियम फक्त ‘चढत्या क्रमाचे आकडे’ एवढाच होता. १, २, ३ असे एकदा विचारले असते तरी चूक उघडी पडली असती. पण आपल्या समजुतीला खोटे ठरवू शकेल असा प्रश्न फार थोड्यांना सुचला.

विहिरीच्या जागेचे उदाहरण घेऊ. पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याने, दाखवलेल्या जागी पाणी लागले, अशा हकिकती प्रत्येक वाडीत ऐकायला मिळतात. त्या खऱ्याही असतात. तरी त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे पाहण्यासाठी कागदावर एक चौकोन काढून त्याचे चार घरांत भाग करावेत. पहिल्या घरात पाणाड्याने दाखवली आणि पाणी लागले अशा विहिरी, दुसऱ्यात त्याने दाखवली पण पाणी लागले नाही अशा, तिसऱ्यात कोणालाही न दाखवता खणली आणि पाणी लागले अशा, चौथ्यात न दाखवता खणली आणि पाणी लागले नाही अशा. लोकांच्या तोंडी असते ते फक्त पहिले घर. दुसऱ्या घरातल्या विहिरी बुजवल्या जातात किंवा त्यांत पालापाचोळा साठतो आणि त्यांविषयी कोणी बोलत नाही. तिसऱ्या घरातल्या विहिरीवर बायका रोज पाणी भरतात, पण ती कोणाच्या कौशल्याची गोष्ट म्हणून सांगितली जात नाही.

समजा, मोजल्यावर पाणाड्याच्या दहापैकी आठ विहिरींना पाणी निघाले आणि न दाखवता खणलेल्या पंधरापैकी बारांना. दोन्हीकडे प्रमाण ८० टक्केच आहे, म्हणजे पाणाड्यामुळे काही फरक पडलेला नाही. मोजण्याआधी ‘पाणी लागले’ म्हणजे काय तेही लिहावे. सप्टेंबरात कोकणातली जवळपास प्रत्येक विहीर भरलेली असते. मे महिन्याच्या शेवटी घागर बुडते का, ही खरी कसोटी आहे.

आंब्याच्या करारालाही हाच चौकोन लागू पडतो. ‘कराराने दिली आणि पस्तावलो’ असे सांगणारा एकजण भेटला म्हणून करार वाईट ठरत नाही. कराराने देऊन समाधानी असलेले किती, स्वतः तोड करून पस्तावलेले किती, हे विचारल्याशिवाय त्या एका हकिकतीचे वजन कळत नाही.

तपासा: वहीत एक वाक्य पुरे करावे: ‘अमुक माहिती मिळाली तर मी माझे मत बदलीन.’ रिकामी जागा भरता येत नसेल, तर विचार अजून सुरूच झालेला नाही असे समजावे. जागा भरली, तर ती माहिती खरोखर मिळवायला जावे.

## टप्पा ५ : गेलेला पैसा वेगळ्या पानावर

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात आणि इंजिन उघडले जाते. मिस्त्री दुरुस्तीचा खर्च सांगतो आणि मालकाच्या तोंडून पहिले वाक्य येते, ‘गेल्या दोन वर्षांत यात एवढे घातलेत, आता कसे सोडायचे?’ घातलेला पैसा इंजिन दुरुस्त केले तरी परत येत नाही आणि विकले तरी येत नाही. दोन्ही वाटांवर तो सारखाच गेलेला आहे, म्हणून निवड करताना त्याला जागा नाही. तरी मन त्याला जागा देते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांच्या १९८५ च्या अभ्यासात नाटकांच्या हंगामी तिकिटाला पूर्ण किंमत मोजलेले लोक, तेच तिकीट सवलतीत मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटके दोघांसाठी तीच होती.

वहीच्या एका निराळ्या पानावर ‘गेलेला पैसा’ असा मथळा घालून आजवरचा सगळा खर्च लिहून टाकावा आणि पान उलटावे. मग नव्या पानावर एकच प्रश्न लिहावा: हे इंजिन आज माझे नसते आणि मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेला ते मला कोणी देऊ केले असते, तर मी घेतले असते का? इथे जुन्या इंजिनाची भंगारात येणारी किंमतही त्या रकमेत मिळवायला विसरू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. आजोबांनी बांधलेल्या जांभ्याच्या घराविषयी जी माया असते, तिला बुडीत खर्च म्हणून झटकून टाकणे चूक आहे. ती माया आजही आहे आणि उद्याही राहणार आहे, म्हणून ती दुसऱ्या टप्प्यातल्या निकषांत, तिच्या महत्त्वाच्या आकड्यासह लिहावी. ‘एवढे पैसे घातलेत’ हे कारण आणि ‘हे घर मला हवे आहे’ हे कारण, यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

## टप्पा ६ : घरच्यांची मते चिठ्ठीवर घ्या

निर्णय एकट्याचा असेल तर हा टप्पा सोडावा. एकत्र कुटुंबात तो सोडून चालत नाही.

नेहमीचा प्रकार असा असतो. ओटीवर सगळे बसतात, थोरले अण्णा पहिल्यांदा बोलतात आणि मग एकेकाला विचारले की उत्तर येते, ‘अण्णा सांगतत ताच बरोबर.’ पाच माणसे बसलेली असतात, पण मत एकच मिळते. अण्णांचा अनादर न करता हे टाळता येते. बोलणे सुरू होण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला पर्याय, त्याची दोन कारणे आणि वाटणारी रक्कम लिहावी. मुंबईहून फोनवर बोलणाऱ्या चाकरमानी भावाने आपले उत्तर बैठकीआधी संदेशाने पाठवावे. चिठ्ठ्या एकाने मोठ्याने वाचाव्यात आणि चर्चा वयाने सर्वांत लहान असलेल्यापासून सुरू करावी. अण्णांनी शेवटी बोलावे. ‘अण्णा, तुमचा शब्द शेवटचाच राहील, म्हणून तुम्ही शेवटी बोला,’ असे सांगितले की बहुधा कोणी दुखावत नाही.

सावध: चौकटीतला आकडा या आधी कोणाला दाखवू नये. दाखवला तर तोच नवा नांगर होतो.

## टप्पा ७ : निर्णय फसला आहे असे धरून मागे पाहा

बहुमत एका बाजूला झाले की सर्वांना हायसे वाटते आणि शंका बोलून दाखवणारा अपशकुनी ठरतो. गॅरी क्लाइन यांनी २००७ साली मांडलेली एक रीत यावर चांगली लागू पडते. सर्वांनी असे धरायचे की पुढचा जून उजाडला आहे, आपण ठरवले तसेच केले आणि ते पूर्ण फसले आहे. आता प्रत्येकाने पाच मिनिटांत, न बोलता, ते का फसले याची कारणे लिहायची. ‘फसेल का?’ असे विचारले तर लोक गप्प बसतात. ‘फसले आहे, का ते सांगा’ असे म्हटले की काकीसुद्धा सांगते की करारवाल्याने गेल्या वर्षी दुसऱ्या वाडीत शेवटचा हप्ता दिला नव्हता.

आलेल्या कारणांपैकी जी टाळता येतील त्यांवर उपाय लिहावा, म्हणजे हप्त्यांच्या तारखा करारपत्रात घालणे आणि निम्म्याहून अधिक उचल तोडीपूर्वी घेणे वगैरे. जी टाळता येत नाहीत त्यांच्यासाठी थांबण्याची खूण ठरवावी: दुसरा हप्ता ठरलेल्या दिवसानंतर आठ दिवसांत आला नाही, तर तोड थांबवायची. ही खूण आजच, डोके शांत असताना ठरवायची असते. ऐन हंगामात, पाडाला आलेली फळे डोळ्यांसमोर असताना ती ठरवता येत नाही.

## टप्पा ८ : निर्णय, खात्रीची टक्केवारी आणि हंगामानंतरची नोंद

आता निर्णय लिहावा. त्याखाली तीनच गोष्टी हव्यात: मुख्य कारण, काय घडेल अशी अपेक्षा आहे ते आकड्यांत आणि त्याची खात्री किती टक्के. ‘बहुतेक’ किंवा ‘नक्कीच’ असे शब्द लिहू नयेत, कारण पुढे त्यांचा अर्थ सोयीने बदलतो. ‘तिन्ही हप्ते वेळेवर येतील, खात्री ७० टक्के’ असे लिहिले की ते नंतर पडताळता येते. मग सह्या कराव्यात आणि हंगामानंतरच्या एका दिवसाची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवावी. मी त्यासाठी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, सामानसुमानाची खरेदी आटोपल्यानंतरचा पहिला रविवार ठेवतो.

हा शेवटचा भाग जवळजवळ सगळेच गाळतात. निकाल कळल्यावर ‘हे मला आधीच ठाऊक होते’ असे मनापासून वाटते आणि ते खोटे बोलणे नसते. आठवणच तशी बदललेली असते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली दाखवले की एखाद्या घटनेचा शेवट सांगितलेल्या लोकांना तो शेवट मुळापासूनच जास्त संभवनीय वाटत होता, असे वाटू लागते. वहीतले पान हा त्यावरचा एकमेव उपाय मला सापडला आहे.

ठरलेल्या दिवशी पान उघडून दोन प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे लिहावीत. निकाल कसा लागला? आणि त्या वेळी जी माहिती हाती होती, तिच्यावरून निर्णय योग्य होता का? अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला आणि बाग कराराने दिलेली असल्यामुळे आपण वाचलो, तर निकाल चांगला लागला, पण चौकटीतल्या आकड्यापेक्षा वीस हजार कमी घेतले असतील तर निर्णय चुकलेलाच होता. उलटही तितकेच खरे आहे. दहा-बारा निर्णयांची पाने झाली की ज्यांपुढे ७० टक्के लिहिले होते ती वेगळी काढून मोजावीत. दहापैकी सातांच्या आसपास खरी ठरली असतील तर आपली खात्री विश्वासार्ह आहे; चारच ठरली असतील तर पुढच्या वेळी ७० लिहायला हात गेला की तिथे ५० लिहून पाहावे.

नोंद करताना जुन्या पानावरचे एकही अक्षर बदलू नये. दुरुस्ती सुचली तर ती समोरच्या कोऱ्या पानावर, त्या दिवसाची तारीख घालून लिहावी.